गाडी मिळते, भाग मिळतात… पत्रा ठोकणारा हात कुठून आणायचा?

गाडीच्या आत वाकून मी मॅट उचलली, खालच्या पत्र्यावर अंगठा दाबला आणि अंगठा आरपार गेला. खाली जमीन दिसली. मागे उभे असलेले आमचे चाचा एवढंच म्हणाले, "पत्रकार, गाडी घेतलीस की चाळण?"

गेली दोन वर्षं मला भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. बाजारात, चहाच्या टपरीवर, अगदी पत्रकार परिषदेतही. "काय रे, त्या डब्यावर एवढे पैसे का घातलेस?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. लांब आहे, सवडीने वाचा. विषय माझ्या हौसेचा वाटेल, पण शेवटी तो तुमच्या माझ्या गावातल्या पोरांच्या पोटापाण्याशी येऊन थांबतो.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. आमच्या आळीतल्या डॉक्टरकाकांची. तेव्हा मी पहिलीत होतो. पैसे भरून, वर्षानुवर्षं नंबर लावून गाडी मिळायची तो काळ. गाडी आली त्या दिवशी काकूंनी चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि आम्ही पोरं तिच्याभोवती अशी उभी होतो जशी गणपती बघायला उभी राहतात. पुढे निम्म्या तालुक्यातले बाळंतपणाचे कॉल डॉक्टरकाकांनी त्याच गाडीतून केले.

मग आला २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारीख सांगितली की पुढचं सांगावं लागत नाही. माणसं गेली, दुकानं गेली, आयुष्यभराची पुंजी चिखलात गेली. त्यापुढे गाडी म्हणजे किरकोळ गोष्ट. तरी आज बोलतोय गाडीबद्दल, म्हणून सांगतो. पाणी फियाटच्या टपावरून गेलं. ओसरल्यावर आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी चिखलाने भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या कित्येक नव्या. विमा कंपन्यांची माणसं आली, फोटो काढले, वायरिंग आणि कॉम्प्युटर गेला म्हणाली आणि त्या गाड्या क्रेनने उचलून नेल्या.

डॉक्टरकाकांच्या फियाटमध्ये कॉम्प्युटर नव्हताच. चाचांनी सीटा बाहेर काढल्या, गोड्या पाण्याने सगळी धुतली, इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलमधलं ऑइल काढलं (निम्मं पाणीच होतं), प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. डायनामो आणि स्टार्टर उघडून उन्हात वाळवले. कार्बोरेटर टेबलावर सुटा केला. नवव्या दिवशी गाडी सुरू झाली. वीज यायच्या आधीची गोष्ट. आळीतली चार माणसं तेव्हा हसली. पुरानंतर पहिल्यांदा.

पण गंमत पुढे आहे. इंजिन वाचलं, पत्रा मात्र वाचला नाही. पुराचा बारीक गाळ दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत, दारांच्या आत, डिकीच्या कोपऱ्यांत जाऊन बसला. पाणी निचरून जायची जी छोटी भोकं असतात ती बुजली. वरून रंग शाबूत आणि आतून गाडी दोन वर्षं भिजत राहिली. २०२३ च्या दिवाळीआधी डॉक्टरकाका म्हणाले, "भंगारवाला अठरा हजार देतोय. नेतो म्हणाला सोमवारी." मी शनिवारी पंचवीस दिले.

त्याच ऑक्टोबरात मी डेस्कवर एक बातमी लावत होतो. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती, मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे २०२३ च्या त्या दिवसानंतर एकही पद्मिनी टॅक्सी चालवता येणार नव्हती. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. सेल्फी, जुने फोटो, सिनेमाची गाणी. मीही मथळ्यात 'अलविदा' वगैरे घातलं. त्या बातमीचा खरा अर्थ मला पुढे सहा महिन्यांनी कळला. तो सांगतो.

आधी गंजाबद्दल

पद्मिनीला गंज लवकर का धरतो? लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू, तिघे भेटले की गंज आलाच. त्यात मीठ मिसळलं की काम झपाट्याने होतं. त्या काळच्या आपल्या गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा थर नसायचा. रंग उडाला की पत्रा उघडा. काचेचं रबर कडक झालं की पाणी आत झिरपतं, मॅटखाली साचतं आणि ते आपल्याला दिसतच नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यामुळे कोकणातल्या माणसाला गंज शिकवायला नको. घराच्या खिडकीचे गजसुद्धा आपण दर दोन वर्षांनी घासतो.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. जीप किंवा ट्रकला खाली वेगळी मजबूत चौकट असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाटला तशी वेगळी चौकट नाही. बॉडी हीच चौकट. फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बसतात ते कोपरे, यांच्यावर सगळा भार. म्हणून तिथला गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. चाचांच्या भाषेत, "हा सडलाय तो पत्रा नाय. कणा हाय."

आणि इथेच लोक फसतात. सडलेल्या जागी जाळी लावायची, वर पुट्टी थापायची, घासून रंग मारायचा. चकाचक गाडी तयार. पहिल्या पावसाळ्यात फुगवटे येतात, दुसऱ्यात पुट्टीचा तुकडा हातात. कुणी जुनी गाडी घेत असाल तर खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. दाराच्या खालच्या काठावर, चाकावरच्या कमानीवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

मग सुरू झाला भागांचा शोध

चिपळुणात पॉइंट-कंडेन्सर आणि प्लग मिळाले. बाकी दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी बैलगाडीचा आस मागतोय.

पुण्याला नाना पेठेत दोन दिवस फिरलो. ब्रेकचे सिलिंडर मिळाले, क्लच प्लेट मिळाली, वॉटर पंप मिळाला. एका म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत हेडलाइटच्या रिंगा काढून दिल्या. दर विचारला तर म्हणाले, "डब्यावर लिहिलेला देऊ नका, आणि आजचा मला माहीत नाही. काय द्यायचं ते द्या."

स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीतले बुश मात्र कुठेच मिळेनात. कुंभार्ली घाट चढून कराडवरून कोल्हापूर गाठलं. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे जुना झिजलेला बुश टेबलावर ठेवला. त्याने तो बोटांत फिरवला, व्हर्नियर लावला, "मूळ माप किती असेल?" असं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. चहा येईपर्यंत दोन नग तयार. पैसे घेतले तीनशे. ज्या शहरात अशी माणसं आहेत त्या शहराला कुठल्याही स्मार्ट सिटीच्या पाटीची गरज नाही असं माझं मत झालं.

शेवटी कुर्ल्याला गेलो. या गाडीचं माहेरच कुर्ला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. सुरुवातीची ती गोलमटोल, जिला मुंबईकर प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. मग १९६४ पासून डिलाइट, सत्तरच्या दशकात प्रेसिडेंट, आणि शेवटी पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, चारही चाकांना ड्रम ब्रेक. नव्या शतकाच्या तोंडावर उत्पादन थांबलं. आज त्या बाजूला उंच इमारती आहेत. गाडीचं नाव रस्त्याच्या नावात तेवढं उरलंय.

तिथल्या जुन्या भागांच्या बाजारात एका दुकानदाराने मला दाराचं हँडल आणि पुढची काच काढून दिली. त्याने जे सांगितलं ते ऐकून माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. म्हणाला, "साहेब, हा धंदा तुमच्यासारख्या शौकिनांवर नव्हता चालत. टॅक्सीवर चालत होता. टॅक्सीवाल्याला दर दोन महिन्यांनी काहीतरी लागायचंच. म्हणून बनवणारे बनवत होते. आता शौकीन येतात, फोटो काढतात, एक हँडल घेतात आणि जातात. बनवणाऱ्याने साचा भंगारात घातला."

माझ्या 'अलविदा' मथळ्याच्या मागे हे होतं. आम्ही बातमीत गाडीला निरोप दिला. प्रत्यक्षात निरोप मिळाला त्या गाडीवर जगणाऱ्या एका अख्ख्या साखळीला. रबर ओतणारे, बुश फिरवणारे, ब्रेकचे सिलिंडर घासणारे, दारं सरळ करणारे. कंपनी बंद झाल्यावर वीस वर्षं पद्मिनी जिवंत राहिली ती या लोकांच्या जिवावर. त्यांच्यावर आमच्या पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. त्यातला एक दोषी मी.

जे कुठेच मिळालं नाही

यंत्राचे भाग हळूहळू जमले. फ्लोअर मात्र कुठेच नव्हतं. कुणी म्हणालं एखादी मेलेली टॅक्सी घे आणि तिचं कापून लाव. पण मुंबईची टॅक्सी म्हणजे तिचंही तेच झालेलं.

चाचा म्हणाले, "कशाला गाव पालथा घालतोस? बनवू की."

चाचांचं वय ६८. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले, एका गॅरेजात झाडू मारता मारता टिनकाम शिकले, आईसाठी परत आले. त्यांच्या शेडमध्ये हत्यारं किती? पाच-सहा हातोड्या, डॉल्या, एक कातर, गॅस वेल्डिंगचा सेट आणि रेल्वे रुळाचा फूटभर तुकडा. तो रूळ म्हणजे त्यांची ऐरण.

काम कसं झालं ते मी मुद्दाम रोज जाऊन पाहिलं. आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी बाहेर. मग दारांच्या चौकटीत आडवे पाइप लावून बॉडीला आधार दिला. कारण कणा कापला की गाडी वाकते, आणि एकदा वाकली की दारं पुन्हा बसत नाहीत. सडलेलं सगळं चांगल्या पत्र्यापर्यंत कापून टाकलं. अर्धी गाडीच गेली असं वाटलं. मग माझ्याच पेपराचा अंक त्या पोकळीवर पसरला, कडेने दाबून घडी पाडली आणि कातरून साचा तयार केला. मान वर करून म्हणाले, "तुझ्या बातमीचा आज काहीतरी उपयोग झाला."

१८ गेजचा पत्रा त्या साच्यावर कापला. फ्लोअरच्या पत्र्यावर लांब उभार असतात, त्याने पत्र्याला ताठपणा येतो. कारखान्यात ते प्रेसखाली एका दणक्यात येत असतील. चाचांनी लाकडात खाच पाडून, हातोडीने एकेक इंच पुढे सरकत ते उठवले. चार दिवस. मध्येमध्ये डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवायचे आणि जिथे थांबायचे तिथे दोन ठोके. मी हात फिरवला तर मला काहीच लागेना. वेल्डिंग झाल्यावर आतून-बाहेरून रेड ऑक्साइड, सांध्यांवर सीलंट, खालून कोटिंग. निचऱ्याची भोकं त्यांनी स्वतः खिळा घालून एकेक तपासली. "ही बुजली की मी केलेलं सगळं फुकट," म्हणाले.

हिशेब विचारतात म्हणून देतो. गाडी २५ हजार, पत्रा आणि रंग ८५ हजार, टायरसकट सगळे भाग ३८ हजार, प्रवास ७ हजार, नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ५ हजार. एक लाख साठ हजार. ही गाडी विकून एवढे पैसे येतील या भ्रमात मी नाही. पण यातला मोठा हिस्सा आमच्याच गावात, दोन हातांना मिळाला. हप्ता म्हणून बाहेर गेला नाही.

आता सरकारकडे वळतो

लोकांचा एक गैरसमज आधी दूर करतो. आपल्याकडे खासगी गाडी १५ वर्षांची झाली की भंगारात घालावीच लागते असं नाही. १५ वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून मिळते. "स्क्रॅपला द्या, आता पास होणार नाही" असं एका एजंटने मलाही ऐकवलं होतं. गाडी रीतसर तपासून पास झाली.

पण वाट दिवसेंदिवस महाग होतेय. मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं. एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १० हजार केलं. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०२९ साली मला दुप्पट भरायचे आहेत, गाडी कितीही ठणठणीत असली तरी. शुल्क गाडीचं वय बघतं, तब्येत बघत नाही.

आता दुसरं टोक. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असलेली, मोठा फेरफार न झालेली. तिला 'व्हीए' मालिकेतला वेगळा नंबर, नोंदणीला २० हजार शुल्क, दहा वर्षांची मुदत. मात्र ती रोजच्या वापराला काढायची नाही. नियम चांगला आहे, आधी काहीच नव्हतं. पण तो कुणासाठी आहे? ज्यांच्याकडे बंद गॅरेज आहे, ज्यांची गाडी पावसात उभी राहिली नाही त्यांच्यासाठी. माझी गाडी २०३४ साली पन्नाशीची होईल. चाचांनी बनवलेलं फ्लोअर 'मूळ रूप' धरणार की 'फेरफार'? जपण्यासाठी केलेली दुरुस्ती आणि हौसेपोटी केलेली मोडतोड यात फरक करणारी स्पष्ट ओळ नियमात हवी. कोकणात पन्नास वर्षं मूळ पत्रा टिकलेली गाडी शोधायची तर कंदील घेऊन फिरावं लागेल.

आणि २० ते ५० या मधल्या वयाच्या गाड्यांचं काय? त्या ना नव्या, ना वारसा. त्यांच्यासाठी फक्त वाढतं शुल्क आणि स्क्रॅप केंद्राची पाटी. जर्मनीत गाडी ३० वर्षांची झाली आणि नीट जपलेली असली तर तिला वेगळी नंबरप्लेट मिळते. इंग्लंडमध्ये ४० वर्षांवरच्या गाड्यांना रस्ता-कर माफ आहे. तिथली एमजीबी ही गाडीही गंजासाठी पद्मिनीइतकीच बदनाम. पण तिचे कारखान्यातले मूळ साचे जपून ठेवले गेले आणि त्यावरून आजही तिची अख्खी बॉडी नव्याने बनवून मिळते. आपल्याकडे कारखाना बंद पडला की जमिनीचा भाव सगळे विचारतात, साच्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही.

दुसरी बाजूही मांडतो

प्रदूषणाचा मुद्दा खरा आहे. कार्बोरेटरची गाडी, धूर शुद्ध करणारं कसलंही उपकरण नाही. ती नव्या गाडीइतकी स्वच्छ असूच शकत नाही. सुरक्षेचंही तेच. एअरबॅग नाही, ब्रेक जुने. मुलीला घेऊन मी ती हायवेला काढत नाही. आणि जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही. स्पर्धा नव्हती म्हणून तीच गाडी तीस-पस्तीस वर्षं विकली गेली, आणि पैसे मोजून लोक रांगेत उभे राहिले. त्या काळाचे गोडवे गाणारा मी नाही.

पण माझी गाडी वर्षाला जेमतेम आठशे किलोमीटर चालते. मग मोजा ना. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची मर्यादा घाला. धूर मोजा, ब्रेक मोजा, पत्रा ठोकून बघा. नापास झाली तर रस्त्यावरून काढा, मी स्वतः भंगारवाल्याला फोन करीन. तपासणी कडक असू दे. फक्त ती गाडीची असू दे, जन्मतारखेची नको.

खरा मुद्दा हा आहे

इतका वेळ गाडीबद्दल बोललो, पण गाडी हे निमित्त आहे. चाचांकडे शिकायला एकही पोरगा नाही. पुतण्या कुवेतला गेला. एक मुलगा दोन वर्षं होता, तो आता डिलिव्हरी करतो. त्याला दोष कसा देणार? नव्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पत्रा ठोकत नाहीत. दार चेपलं की दार बदला, बंपर तुटला की बंपर बदला. बिल विमा कंपनीला. तिथे हातोडीपेक्षा पार्ट नंबर लागतो.

मग पुढच्या पुरात काय करणार आहोत? पूर येणार हे आम्हाला माहीत आहे. २००५ ला आला, २०२१ ला आला. आमच्याकडे रिक्षा आहेत, टेम्पो आहेत, मच्छी वाहणाऱ्या गाड्या आहेत, सगळ्यांना गंज आहे. ज्याचं पोट त्या टेम्पोवर आहे त्याला नवीन घ्या सांगून चालतं का? त्याला पत्रा जोडून देणारा माणूस लागतो.

केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आणली. १८ पारंपरिक व्यवसाय. सुतार आहेत, लोहार आहेत, होडी बांधणारे आहेत, कुलूप बनवणारे आहेत, मासेमारीची जाळी विणणारे आहेत. उत्तम. पण गाडीचा पत्रा ठोकणारा त्यात नाही. साठ-सत्तर वर्षं हातोडीवर जगलेला हा कारागीर 'पारंपरिक' नाही आणि डिग्री नाही म्हणून 'तंत्रज्ञ'ही नाही. माझ्या गाडीसारखाच तो मधल्या खोबणीत अडकलाय.

म्हणून चार मागण्या करतो. आमदार-खासदारांचे कार्यकर्ते हे वाचतात हे मला माहीत आहे, त्यांनी जरा वर पोचवाव्यात.

१. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत शीट मेटलचे, गाडीच्या बॉडी दुरुस्तीचे ट्रेड आहेत. तिथे चाचांसारख्या कारागिरांना मानधनावर शिकवायला बोलवा. त्यांची दहावी झाली आहे का ते विचारू नका. हात बघा.

२. विश्वकर्मा योजनेच्या यादीत टिनकाम करणारे, लेथवाले, रेडिएटर दुरुस्त करणारे यांना जागा द्या.

३. स्क्रॅप केंद्रात गाडी चुरा करण्याआधी वापरण्याजोगे सुटे भाग काढून, नोंद करून विकायची सोय सक्तीने करा. एका गाडीची काच दुसऱ्या गाडीला दहा वर्षं देऊ शकते.

४. कंपनीने गाडीचं मॉडेल बंद केलं आणि भाग देणं थांबवलं की त्या भागांची मापं आणि रेखाटनं खुली करा. 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून केंद्रानेच २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. हक्क पोर्टलवरून गॅरेजपर्यंत यायला हवा. मापं मिळाली तर बनवून द्यायला कोल्हापूरचं उद्यमनगर बसलेलंच आहे.

आणि जे कुणी माझ्यासारखे वेडे जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी पाना घेऊन खाली झोपा, मग इंजिन सुरू करा. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली बॉडी खिसा रिकामा करते. चेसिस नंबर वाचता येतोय का बघा, गंजाने तो खाल्ला तर कागदोपत्री फार त्रास आहे. आरसी कुणाच्या नावावर, मुदत कधीपर्यंत, दुसऱ्या आरटीओची असेल तर एनओसी मिळणार का, हे व्यवहाराआधी विचारा. थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हवीच. पावसाळ्यात मॅट काढून ठेवा. आणि भाग शोधायच्या आधी माणूस शोधा.

गेल्या महिन्यात चाचांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा पावसाळ्यानंतर. मी फियाट घेऊनच त्यांना आणायला गेलो. बसताना त्यांनी हिरवी पट्टी सावरत आधी दाराखालच्या पट्टीवरून हात फिरवला, मग आत बसले. घाटाखालच्या वळणावर म्हणाले, "अजून चार वर्षं करीन. कुणी पोरगा मिळतोय का बघ. पैसे नको मागूस त्याच्याकडं. मीच देईन दोन पैसे."

तर बघतोय. तुमच्या ओळखीत हाताने काम करायची आवड असलेला, चिपळूण किंवा आसपासचा कुणी मुलगा असेल, मुलगी असेल तर अधिक आनंद, मला मेसेज करा. शेडचा पत्ता मी देतो. आणि तुमच्या गावात असा कुणी टिनकाम करणारा म्हातारा कारागीर उरला असेल तर त्याच्याबद्दल खाली लिहा. तो आहे तोवर त्याची बातमी करू. 'अलविदा'चा मथळा मला पुन्हा लावायचा नाही.